आईच्या दोन वेण्या

मंगळवार, मे २०२१, पनवेल

आज आईला कोविड वॉर्डातून घरी आणलं. आनंद व्हायला हवा ना? माझं मात्र सगळं लक्ष तिच्या दोन वेण्यांवर. टोकांना गॉजची पट्टी बांधलेली.

आई माझ्याशिवाय कुणाला केसांना हात लावू देत नाही, वहिनीलासुद्धा नाही. रोज मीच तिचा अंबाडा घालते. वॉर्डात मला दारातूनच परत पाठवलं, आणि कुणीतरी नर्स रोज तिचे केस विंचरत होती. अंबाडा ऑक्सिजनच्या मास्कच्या पट्ट्याखाली टोचतो, म्हणून दोन वेण्या. मला सुचलं असतं का हे?

"शिस्टरचा हात लय हलका हाय," आई म्हणाली. म्हणजे माझा जड? इतक्या वर्षांत कधी बोलली नाही.

कंगवा घेऊन वेण्या सोडायला बसले, तर म्हणे, "राऊ दे गो. तिनं सकाली घातल्यान."

दिसायला कशी होती, विचारलं.

"मना काय माईत? त्या पांढऱ्या किटात व्हती ती."

जिचं तोंडही आईने पाहिलं नाही, तिच्यावर जळतेय मी.

मघाशी माझ्याच केसांतून कंगवा फिरवून पाहिला. जडच आहे हात.