गुलखैऱ्याचा वाफा

३ मार्च

बी मिळालं! गुलखैऱ्याचं! शेजारचे घड्याळवाले स्वतः कागदाच्या पुडीत घालून घेऊन आले. गेल्या वर्षी त्यांच्या दुकानामागे माझ्यापेक्षा उंच फुलला होता, आणि मी कुंपणावरून रोज टक लावून बघायची. ते त्यांच्या लक्षात आलं असणार. (आलं!)

चपटं, गोल बी. बाळाच्या झबल्याला लावावं एवढ्या बटणासारखं. भिजवून लावा म्हणाले. मी ‘हो हो’ म्हटलं — चारदा. वय वर्षं चोपन्न.

४ मार्च

भिजवलं. आणि नुसतं नळाच्या पाण्यात नाही — उकळत्या! कोरं कापड गरम पाण्यातून काढल्याशिवाय मी कधी कात्री लावली आहे का? आटायचं ते आधीच आटून जाऊ दे, मागाहून तक्रार नको. बियाण्याला तरी वेगळा न्याय कशाला? पातेल्यावर झाकण ठेवलंय.

५ मार्च

लावलं! टेपने मोजून, दोरी ताणून, अगदी सरळ दोन ओळी. मोठी बहीण म्हणून ताईला काहीही बोलायचा हक्क आहे, तो तिने खिडकीतून बजावला. मातीत हात घालायला नवा झगा कशाला, म्हणे.

१२ मार्च

काही नाही. आज सातदा बघून आले.

१५ मार्च

उगवलं!!!

कुंपणावरून घड्याळवाल्यांना हाक मारली. ते डोळ्याला भिंग लावलेलेच आले आणि तसेच वाफ्यावर ओणवे झाले. बराच वेळ बघत होते. मग एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाफ्याकडे. “छान आहे,” म्हणाले. दुकान बंद केलं की रोज संध्याकाळी येऊन बघून जाईन, असंही म्हणाले.

रोज!

१६ मार्च

एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. उसवतेय आणि हसतेय.

१९ मार्च

फजिती! मधली रोपं उपटून इतकी जागा का सोडली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मला सवयच आहे. मी माया जरा जास्त ठेवते.”

त्यांचे कान लाल. मग माझ्या डोक्यात उजेड पडला — शिवणीच्या आत जादा कापड सोडतो त्याला आम्ही माया म्हणतो, पण ते घड्याळवाल्यांना काय ठाऊक! समजावायला गेले तर आणखीच घोळ. “म्हणजे आत दुमडून ठेवायची हो, बाहेरून दिसत नाही. पुढे गरज पडली तर उसवून काढता येते.”

“समजलं, बाई,” म्हणाले.

काय समजलं? चहात साखर घालायची मी विसरले, तो तसाच प्यायले बिचारे.

२४ मार्च

ताईने आज जमिनीवर आणलं. म्हणाली, “तो माणूस झाडं बघायला येतो. झाडं संपली की येणं संपलं. तू हुरळून जाऊ नकोस.”

खरं असेल. फुलं यायला पुढचं वर्ष उजाडतं, असं तेच सांगत होते. म्हणजे वर्षभराची तरी सोय झाली. इतका हिशेबी आनंद मला पुरायला हवा होता. पण नाही पुरत. ते झाडांसाठी यायला नको आहेत मला. माझ्यासाठी यायला हवे आहेत. घ्या, लिहून टाकलं! पान फाडणार नाही.

३० मार्च

वीतभर उंच! ते आज तासभर बसले. त्यातली पाचेक मिनिटं वाफ्यापाशी. ताईला सांगितलं तर ती घेवडा निवडत राहिली.

२ एप्रिल

शाळेचे माळीबुवा पँट आखूड करून घ्यायला आले होते. मापं घेताना खिडकीबाहेर बघून म्हणाले, “एवढं तण जपून कशाला ठेवलंय?”

मी म्हटलं, तण काय, गुलखैरा आहे तो. ते हसले. गुलखैऱ्याचं पान गोल, तळहाताएवढं होतं, हे कसलं लांबट! मग बी कसं लावलं ते विचारलं. मी सांगितलं. पँटचा एक पाय दुमडलेला, तसेच ते खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. बी उगवलंच नाही, शिजलं होतं.

मीही हसले, त्यांच्यासमोर. ते गेल्यावर सगळं उपटून टाकलं. मग रडले थोडी. तणासाठी नाही. ताईने तोवर कुंपणावरून घड्याळवाल्यांना सांगूनही टाकलं, की आता बघण्यासारखं काही उरलं नाही.

आज ते आले नाहीत.

३ एप्रिल

आले. भिंग आणलं नव्हतं. मी म्हटलं, ताईने सांगितलं ना, ते सगळं तण होतं.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” म्हणाले. आणि मला नावाने हाक मारली. नुसतं नाव. पुढे ना बाई, ना ताई.