तीन रंग एका बिंदूत

३ मार्च
स्वतःच्या हातांनी केलेलं: लेझर धरायचे स्टँड, तीन. पडदा सरकवायची पट्टी, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक. माशांच्या जुन्या टाकीची धूळबंद पेटी. आणि भिंगाचा नकाशा: दोन मिलिमीटरच्या सपाट काचेवर अडीच कोटी सूक्ष्म खांब, प्रत्येकाची जाडी मी ठरवलेली. कॉलेजचं तोंड न पाहता. लॅबवाल्यांनी फक्त कोरलं.
लाल, हिरवा, निळा, तिन्ही एकाच बिंदूत, भिंगापासून दहा मिलिमीटरवर. वीस तारखेला भिंगांच्या कंपनीत चाचणी. पास झालं की भिंगाला माझं नाव. लेखी घेतलंय.

७ मार्च
हिरवा दहा मिलिमीटरवर, सुईच्या टोकासारखा. म्हटलं नव्हतं?
लालही तसाच. पडदा किंचित भिंगाकडे घ्यावा लागला. टेबल उतरतं असणार.

८ मार्च, सकाळी ७.१०
टेबलाला लेव्हल लावली. सरळ आहे. म्हणजे जमीन.

१२ मार्च
निळा सुरेख! पडदा थोडा लांब. लाल ८.२, निळा ११.८. सरासरी बरोब्बर दहा. याला म्हणतात डिझाइन.
ही चहा ठेवायला आली ती बघतच उभी राहिली. म्हणाली, तीन रंग एका जागी आणायचे होते, की पडदा तीन जागी न्यायचा होता? सांगितलं, यात गणित असतं. म्हणूनच विचारलं, म्हणाली.
आजपासून दोन दिवस अबोला. माझ्याकडून.

१७ मार्च
भिंग एकच आहे. शिंक आली की खोलीबाहेर पळतो. नकाशा पुन्हा तपासावा असं वाटून गेलं. तपासला नाही. तो स्वतःवरचा अविश्वास झाला असता.

१९ मार्च
ठरलं. उद्या पडदा मीच हलवणार. झटकन. कोणाला कळायचं नाही. म्हणजे, कळण्यासारखं काही नाहीच.

२० मार्च, दुपारी
चाचणीच्या मॅडमनी पडदा दहावर ठेवून स्क्रू आवळला. म्हटलं, जरा सैल असू द्या. त्या म्हणाल्या, काका, सैल ठेवला तर कुठलंही भिंग पास होईल.
हिरवा: सुई. निळा: बशी. लाल: त्याहून मोठी बशी.
तुमची जमीन उतरती आहे, म्हणालो. कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

२४ मार्च
मॅडमचा फोन. हिरव्याला तोड नाही, आमच्याकडे कोणाला असं जमलेलं नाही. एका रंगाचं भिंग म्हणून विकत घेतो. नाव मात्र कंपनीचं.
ताडकन सांगितलं, तीन नाहीतर एकही नाही.
ही दारातच होती. किती देत होते? म्हटलं, मी विचारलंच नाही.
विचारलं होतं. तीन लाख चाळीस हजार.