मधली खुर्ची

सोमवार, ३
नव्याचे नऊ दिवस म्हणतात, त्यातला पहिला बरा गेला. कपडे शिवायच्या या कारखान्यात कामगारांचं अंग कशाकशाने दुखतं ते शोधायचं आणि त्यावर उपाय करायचा, एवढंच माझं काम. आधीच्या ऑफिसात बसून बसून माझीच कंबर गेली आहे. ताई म्हणाली, वैद्यच आजारी, मग रोग्यांची चैनच आहे.

हॉल मोठा, उजेडाचा. बायका मोकळ्या स्वभावाच्या. एकीने तर स्वतःची उशी मला बसायला दिली. सुपरवायझरला त्या ‘इस्त्री’ म्हणतात, कारण चेहऱ्यावर हसण्याची एक सुरकुती पडत नाही. आल्या आल्या चहा मिळाला. दमले, पण छान वाटलं.

मंगळवार, ४
दिवसभर टेप घेऊन मापं घेतली. बाई बुटकी असो की उंच, टेबल एकाच उंचीचं. स्टुलाला पाठ नाही. मशीनचं पायडल इतकं आत की पाय ताणून मांडी भरून येते. कापडाचे गठ्ठे जमिनीवर, ते दर वेळी वळून उचलायचे. ‘मोडेन पण वाकणार नाही’ म्हणणाऱ्याने इथे येऊन बघावं. इथल्या बायका वाकतातही आणि मोडतातही.

सगळ्यात वाईट जागा मधल्या रांगेत आहे. शिवलेला तुकडा हातोहात पुढे जातो, पण मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवलेली असते. तिच्या अलीकडे बसणारी मावशी तुकडा उचलून पलीकडे देते, आणि हात उगाचच वरून नेते. मध्ये कुणी वाकून बसलंय आणि त्याला धक्का लागू नये, असा. दिवसभर तेच चालतं. आता तिचा हात डोक्यापर्यंत जात नाही, केस लेक विंचरून देते. हात गेला की नोकरी गेली, आणि घर तिच्या एकटीवर आहे.

बुधवार, ५
मावशीला खुर्चीबद्दल विचारलं. आधी तिने टाळलं, मग हळू आवाजात सांगितलं. तिथली बाई वर्षानुवर्षं मान खाली घालून शिवायची. एक दिवस सुट्टी झाली तरी उठली नाही. गेलेली होती. नेतानाही तिला सरळ करता आलं नाही. तेव्हापासून तिथे कुणी बसत नाही. ती आपल्या जागेवर बसलेली बरी, असं मावशीचं म्हणणं.

ऐकून वाईट वाटलं, पण गेलेल्या बाईपायी जितीजागती बाई अधू का करायची? इस्त्रीला सांगून खुर्ची गोदामात टाकली, टेबलं एकमेकांना जोडली. आता तुकडा नुसता सरकवायचा. कुणी विरोध केला नाही.

गुरुवार, ६
मावशीचा खांदा हलका झाला. लेकीला आता केस विंचरायला लागणार नाहीत, म्हणाली. दुपारी मात्र पाठीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतंय असं म्हणत होती. मी तिला पाठ असलेली खुर्ची दिली.

शुक्रवार, ७
मावशी टेबलावर झुकली आहे. सरळ बसा म्हटलं तर म्हणते, होतच नाही. दुखतंय कुठे ते बघायला तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. हात पाठीपर्यंत पोचलाच नाही. वरच अडला. कशावर तरी टेकला. गार होतं ते, आणि श्वास घेतल्यासारखं —

कंबर दुखतेय. झोपते.

शनिवार, ८
सुट्टी झाली, मावशी उठली नाही. लेकीने आणि मी धरून डॉक्टरकडे नेलं, कमरेतून दुमडलेली तशीच. डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत. लेक रडत होती. हे मी केलं. बाईला आगीतून फुफाट्यात लोटलं.

सोमवार, १०, सकाळी
मावशी कामावर आली आहे, लेकीच्या आधाराने, जमिनीकडे बघत. घरी बसली तर खाणार काय? खुर्ची गोदामातून आणून जागेवर ठेवली. काही फरक नाही. रिकामी खुर्ची त्या गेलेल्या बाईला आता चालत नसावी.

मला भीती वाटते. पण फार थकले आहे, आणि मावशीकडे बघवत नाही. मीच त्या खुर्चीत बसते.

दुपारी
मावशी सरळ झाली. एका क्षणात. हसली, मग माझ्याकडे बघून माझा हात धरून ओढायला लागली.

उठता येत नाही. वही मांडीवर, नाक वहीपाशी. चौघींनी ओढून पाहिलं. मावशी दोनदा म्हणाली, ऊठ पोरी, मी बसते. मी नको म्हटलं. तिला लेक आहे.

नंतर
पाठीवर ती जड आहे. ती हलते मधूनमधून — नीट बसायला —

मावशी तिसऱ्यांदा विचारेल तर —

सुट्टी
बायका चालल्या. लेक न्यायला आली, तिचा आवाज ऐकला. आई किती ताठ चालतेस, म्हणाली.

हाक फुटत नाही. वर बघता येत नाही. मावशीच्या चपला तेवढ्या दिसतात, माझ्या खुर्चीपाशी थांबलेल्या. विचारलं तर हो म्हणेन. खरंच म्हणेन, लाज वाटणार नाही. ती विचारत नाही. चपला वळल्या. मावशी, एकदा विचारा ना, फक्त ए