चाळीस आवाज आणि एक नळ

४ मार्च
माझ्या लेकीला, छोटीला, जाऊन आज पस्तीस दिवस. सकाळी तिच्या खोलीच्या खिडक्या पुसल्या. कपाटातून तिचा रेकॉर्डर काढून चार्जिंगला लावला. दुपारी ताईचा फोन — "जेवलास का?" जेवलो म्हटलं.

५ मार्च
रेकॉर्डरच्या कार्डात चाळीस आवाज आहेत. जमिनीखालची पाइपलाइन, ट्रान्सफॉर्मरची घरघर, लिफ्टच्या तारा, पुलाखालचा वारा. झाडाच्या बुंध्याला माइक चिकटवून घेतलेली कसलीशी करकर. यावर तिच्या गटातल्या तिघी नाचणार होत्या. गाणं नाही, ठेका नाही. एकदा तालीम बघायला गेलो होतो. एक मुलगी पंधरा मिनिटं नुसती भिंतीला टेकून खाली सरकत होती. परतताना विचारलं, बरी आहे ना ती? छोटी रस्ताभर हसत होती.

६ मार्च
आवाज नीट लावायला घेतले. पाणीपुरवठ्यात पस्तीस वर्षं हेच केलं. सळईचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला, आणि गळती कुठे ते सांगायचं. पुढे रेकॉर्डर आले. खात्याचा नियम असा की पुढची-मागची खडखड कापायची, मधला स्वच्छ तुकडा ठेवायचा, जागा आणि तारीख लिहायची. तसंच केलं. दिवसभरात बावीस झाले.

७ मार्च
उरलेले अठरा. हात चालू होते तोवर बरं वाटलं.

९ मार्च
नर्तकी आली. तीच, भिंतीवरून सरकणारी. बावीस तारखेचा प्रयोग करायचाच म्हणते. "काका, मागच्या प्रयोगात एक आजोबा उठून मला पाणी द्यायला आले. त्यांना वाटलं चक्कर आली!" खूप दिवसांनी हसलो.
मग तिने हेडफोन लावला. एक आवाज ऐकला, दुसरा ऐकला. मग भराभर पुढचे.
"काका, सुरुवात आणि शेवट कुठेय?"
कसली सुरुवात?
"छोटी बटण दाबून श्वास रोखायची. शेवटी सोडायची. त्या श्वासावर आम्ही उठतो. दुसरा ठेकाच नाहीये ना आमच्याकडे."
छोटी तालमीला हा रेकॉर्डरच घेऊन जायची म्हणे. दुसरी प्रत कुणाकडे नाही.
खडखड होती, कापली, असं सांगितलं. दारात चपला घालायला फार वेळ लागला तिला.

१० मार्च
काल तिला खोटं सांगितलं. पहिल्याच आवाजात श्वास ऐकू आला आणि ओळखला. ऐकवेना, म्हणून कापला. खात्याचा नियम नंतर आठवला.

११ मार्च
रेकॉर्डर दुरुस्तीवाल्याकडे नेला. "मूळ आवाजांवरच सेव्ह केलंत, काका. गेलं ते."

१४ मार्च
ताई आली. "अरे, बोल काहीतरी! मी काय भिंतीशी बोलतेय?" सगळं सांगितलं. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "लहानपणीही तू असाच. जरा ठणकलं की दात उपटून मोकळा."

१७ मार्च
तालमीला गेलो. नर्तकी स्वतःच श्वास सोडून बघते. जमत नाही. तिघी तीन वेगळ्या वेळी उठतात. एकीने सुचवलं, टाळी वाजवू. नर्तकी म्हणाली, "मग कवायतच करू की!" कुणी हसलं नाही. निघताना मला म्हणाली, "तुमचा दोष नाही, काका." कुणाचा मग?

१९ मार्च
कार्ड काढूनही रेकॉर्डर चालतो! आत वेगळी जागा असते, मला ठाऊकच नव्हतं. तिथे एकच आवाज सापडला. दहा जानेवारी. आमच्या स्वयंपाकघरातला नळ. पाणी भांड्यात पडतंय. मग पावलं. मग मी —
"तिशी उलटली, अजून नळाला कान लावून बसलीस? कोण बघणार तुमचं ते सरपटणं?"
"बाबा, भांडं भरेपर्यंत थांबा ना."
"पाणी मी पस्तीस वर्षं ऐकलं. काही नसतं त्यात!"
इथे नळ बंद होतो. मीच केला. मी बोलतोच आहे. आणि माझ्या बोलण्याखाली ती श्वास सोडते. लांब, सावकाश.
हे भांडण मला आठवतही नव्हतं. सळई कानाला लावायला तिला मीच शिकवलं होतं. सहा वर्षांची होती.

२० मार्च
सकाळपासून माझा आवाज काढून बघतोय. आधी प्रत करून ठेवली — आता अक्कल आली! पण तो काढला की श्वासही जातो. असाच दिला तर भरलेल्या सभागृहात लोक ऐकतील, बाप काय बोलला ते.
नर्तकीचा फोन आला. "काका, काही सापडलं का?" बघतो म्हटलं.

२२ मार्च
काल तालमीच्या जागी जाऊन रेकॉर्डर नर्तकीच्या हातात दिला. काही कापलं नाही. प्रयोग सात वाजता होता. गेलो नाही. सात वाजता नळाखाली भांडं ठेवलं. भरेपर्यंत थांबलो.