डोक्यामागची जपानी मुलगी

मुक्काम मुलचेरा, रविवार सकाळ

आदरणीय रोशनभाऊ यांना प्रणितचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचा गुडघा आता दुखत नाही, फक्त पाहुणे आले की दुखतो. तुझी बल्लारपूरची खोली, तुझं पोट आणि मोटरसायकलचा क्लच कसा आहे ते कळवणे. (आजवर मी तुला रोशन्या म्हणत आलो. आज भाऊ लिहिलं आहे, हात चुकलेला नाही. मला एका मुलीला लग्नाचं विचारायचं होतं आणि त्यात तुझी गरज पडणार आहे. ती गरज काय ते शेवटी सांगतो, आधी मुद्दा.)

मुद्दा असा की ॲनिमेवरून, म्हणजे आपण पाहतो त्या जपानी चित्रांच्या मालिकांवरून, खऱ्या माणसांचा सिनेमा काढू नये. फोनवर हे मी सात वेळा सांगायला लागलो आणि सातही वेळा तू मधेच हसलास, म्हणून पत्र. तुझं म्हणणं मी प्रामाणिकपणे लिहून ठेवतो: "क्यालेंडरवरची सीता आपल्या दंडारीच्या नाटकात मुखरूभाऊ बनते, मिशीवर पदर घेऊन, आन् लोकं पाया पडते. मंग जपानची पोट्टी काऊन नाई?" मुद्दा वजनदार आहे. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. पण उत्तर सापडलं. सीतेचे डोळे केवढे, हे कोणी मोजलेलं नाही, त्यामुळे मुखरूभाऊंचं निभावतं. आपल्या आवडत्या जपानी मालिकेतल्या, जंगल राखणाऱ्या हिरव्या केसांच्या मुलीचे डोळे मात्र मी मोबाईलला पट्टी लावून मोजले आहेत. तोंडाचा तिसरा हिस्सा. तिच्या डोळ्यात पाणी आलं तर पूर्ण एक मिनिट ते खाली पडत नाही. खऱ्या बाईच्या डोळ्यात तेवढ्या वेळात चिलट जातं.

आता घडलेलं सांगतो. मोहफुलं पडायला लागली आहेत आणि वाघही त्याच बाजूला फिरतो. वेचायला वाकलेल्या माणसावर तो मागून येतो, म्हणून बाया डोक्यामागे मुखवटा बांधतात, की त्याला वाटावं माणूस आपल्याकडेच पाहतो आहे. गावातले जुने मुखवटे आशाबाईंच्या शेळीने खाल्ले आणि पाट्या रंगवणारा इथे मी एकटाच. (शाळा दहावीला सुटली खरी, पण माझ्या एकाही पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं कोणी दाखवावं.) मोठ्या डोळ्यांचं तोंड मला एकच नीट काढता येतं. तेच चौदा वेळा काढलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चौदा बाया मोहाखाली वाकल्या आणि चौदा जपानी मुली माझ्याकडे टक लावून पाहायला लागल्या. वाघ त्या दिवशी आला नाही. आशाबाईंचं म्हणणं, आला होता, लाजून गेला.

विचारायचं वाक्य मी आठ महिने पाठ केलं होतं. ती मुलगी समोर आली की ते पळून जायचं. त्या सकाळी ती पाठमोरी, आणि तिच्या डोक्यामागे माझ्याच हातचे ते शांत डोळे, पापणी न लवता ऐकणारे. मी त्यांनाच सगळं सांगून टाकलं. पाट्यांचं काम बरं चालतं, दारू नाही, घरावर नवा पत्रा टाकला आहे आणि तू मला आवडतेस. एक शब्द अडला नाही. मुखवटा गप्प. त्याच्या पलीकडून आवाज आला, "तिले सांगून राह्यला का मले?"

मी म्हटलं, तुलाच.

"मंग समोर ये न."

समोर गेलो. डोळे मुखवट्याच्या चौथाईसुद्धा नाहीत. कपाळावर घाम, भुवईवर चिलट, आणि ते डोळे लवले, माझ्याकडे वळले, थोडे हसले. पाठ केलेलं सगळं गेलं. मी घाईने तिची जड टोपली उचलून दिली. ती रिकामी होती. यावरून सिद्ध होतं की काढलेल्या तोंडासमोर माणूस बोलू शकतो, खऱ्या तोंडासमोर नाही. म्हणून काढलेलं ते काढलेलंच राहावं. यावर आता वाद नको.

तुझा (किंवा यापुढे तुमचा)
प्रणित

ता. क. ती मुलगी म्हणजे दिव्यानी, तुझी बहीण. तिचा होकार आहे, पण म्हणाली, "दादाले लिहून विचार. फोनवर तू अडकशीन." म्हणून विचारतो. उत्तर पत्रानेच दे. पत्रातून हसू ऐकू येत नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र दिव्यानीने वाचलं. तिच्या मते असा सिनेमा निघायलाच पाहिजे. "काढलेली पोट्टी कधी हो म्हणते का?" तेव्हा वरचा मुद्दा तू वाचलाच नाहीस असं समज.

ता. क. तिसरा. मुखवटा तिने परत केला. म्हणते, "मांगं पाह्याले आता तू आहेस न, तो कायले?" म्हणजे उद्यापासून रांगेत सगळ्यात शेवटी मी. वाघ मागून येतो हे तुला माहीत आहेच. म्हणून तो मुखवटा आता मी बांधतो. मुखरूभाऊंनी मला मागून पाहिलं. म्हणाले, "जमते. फक्त वळून पाहू नको."