रिकामं उत्तर

१२ मार्च

दादा, नमस्कार.

आपल्या कोडमधलं तुझं फाइल वाचणारं फंक्शन आत्ताच खोडलं. तारखेचं फंक्शन खोडता खोडता मधेच थांबून हे लिहिते आहे. तुझी परवानगी घेतलेली नाही. इकडे सगळं ठीक. खोलीच्या खिडकीची काच अजून बसवलेली नाही, पुठ्ठा लावला आहे.

आपण ही प्रोग्रॅमिंगची भाषा करायला घेतली तेव्हाचं भांडण तुला आठवत असेल. भाषा आपली, पण उभी दुसऱ्यांच्या प्लॅटफॉर्मवर. त्याच्या लायब्ररीत हवी ती फंक्शनं तयार. मी म्हणत होते, लोकांना ती थेट वापरू दे.

"नाही," तू म्हणालास. "प्रत्येक फंक्शन आपल्या नावात गुंडाळायचं. उद्या खाली काही बदललं तर आपण एका जागी बदलू. वरच्या माणसाला कळायलाही नको."

"नुसतं नाव बदलायला कशाला गुंडाळायचं? त्या लायब्ररीची माहिती कुठेही मिळते. आपल्या नावांची कोण देणार? तू?"

"देईन की."

बाबा पलीकडच्या खोलीतून ओरडले, "वकिलीणबाई, दादाला जामिनावर सोडा आणि जेवायला या."

तुझ्या म्हणण्यात तथ्य होतं. नावं बदललीस याचा राग नाही. पण तू नुसतं गुंडाळलं नाहीस. खालच्या लायब्ररीचं फंक्शन स्पष्ट सांगत होतं, फाइल सापडली नाही. तुझं सांगतं, फाइल रिकामी आहे. का, तर लोक घाबरतात.

मंगळवारी रक्ततपासणीच्या लॅबमधल्या बाईंचा फोन आला. मशीनकडून फाइल आलीच नव्हती. आपल्या भाषेत लिहिलेल्या त्यांच्या प्रोग्रॅमला ती रिकामी वाटली आणि त्याने छापलं, 'दोष आढळला नाही'. माणूस खूश होऊन घरी गेला.

"मला शिव्या द्यायच्या आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला देऊ की भावाला?"

"मलाच द्या. त्याच्या हातून गेल्या की त्यांची शाबासकी होईल."

त्या हसल्या नाहीत. त्या माणसाला त्यांनी परत बोलावलं आहे.

हे तुला सांगायला घरी फोन केला. वहिनीने उचलला. रीतीप्रमाणे विचारलं, बाबा काय म्हणतात. ती म्हणाली, "म्हणणार काय? तोंडातून शब्द फुटत नाही त्यांच्या. तुला ह्यांनी सांगितलं नाही?"

सांगितलंस की. दर रविवारी सांगतोस. "बाबा बरे आहेत." त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून त्यांचा फोन तू काढून घेतलास. मी तुला सांगायचं, तू त्यांना. हिवाळ्यात तू निरोप दिलास, बाबा म्हणतात तुझं काम महत्त्वाचं, उगाच धावपळ करू नकोस. मला बरं वाटलं होतं. वहिनी सांगते, पक्षाघाताचा झटका आला त्याच्या आदल्या दिवशी ते तुला एवढंच म्हणाले होते, "वकिलीणबाईला म्हणावं, ये."

त्या 'ये'चं तू काय केलंस, दादा?

तू काय म्हणशील ते माहीत आहे. मला त्रास नको. माझ्या कामात खंड नको. तुझ्या प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर तीच टीप आहे, 'वापरणाऱ्याच्या सोयीसाठी'. ती मी आज सगळीकडून खोडली. फंक्शनं खोडण्यापेक्षा त्यालाच जास्त वेळ लागला.

उत्तर पाठवू नकोस. तुझ्याकडून आलेलं काहीही खरं मानण्याआधी मला आता खाली उतरून बघावं लागतं.

थेट,
वकिलीणबाई

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळ. वहिनीला फोन करून तो बाबांच्या कानाशी धरायला सांगितला. "येते," म्हटलं. पलीकडून श्वास ऐकू आला. वहिनी मधे काही बोलली नाही. मग मी निघून गाडीत बसले. पत्र सोबत आहे, तुझ्या हातात देईन.