साबणाच्या खोक्याची राणी

रविवार, ४ फेब्रुवारी. संध्याकाळ.

आजपासून पत्त्यांचीही नोंद ठेवायची. हिशेबाच्या वहीची मागची बाजू कोरीच राहते, ती का वाया घालवावी.

खेळाचं नाव हार्ट्स. मुलांनीच शिकवला. चौघं बसतो. माझ्या समोर थोरला, डाव्या हाताला मुलगी, उजव्या हाताला धाकटा. बदामाचं प्रत्येक पान अंगावर आलं की एक गुण, आणि काळी राणी, म्हणजे इस्पिकची, आली की एकदम तेरा. चार पानांचा एक हात; उतरलेल्या रंगात ज्याचं पान मोठं, तो हात त्याच्या अंगावर, आणि तो रंग नसेल त्याने काहीही टाकावं. गुण म्हणजे इथे दंड. ज्याचे कमी, तो जिंकला. पानं वाटून झाली की खेळण्याआधी आपली तीन पानं दुसऱ्याला द्यायची. ह्याला पास म्हणतात. पहिल्या डावात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, तिसऱ्यात समोर. चौथ्या डावात कोणी कोणाला काही द्यायचं नाही, आपलं आपण बघायचं.

आज सगळ्यांत जास्त गुण माझे. पहिलाच दिवस. शिवाय चष्मा जुना.

महत्त्वाचं वेगळंच. थोरल्याची परगावी बदली झाली. मी त्याच्या नि सूनबाईच्या जवळ राहते, ते हे कंपनीचं क्वार्टर मार्चअखेर सोडायचं. मी कोणाकडे राहायचं ते ठरवायला तिघं दर रविवारी जमणार. पण उघड कोणी बोलत नाही. आईला आपल्याकडे मागून घेणं म्हणजे भावंडाचा हक्क मारणं, म्हणून तिघंही संकोचतात. माझीच शिकवण. खाऊचा शेवटचा तुकडा कोणी उचलायचा नाही.

संकल्प: निवड मीच करणार. पण हरलेल्या तोंडाने काय सांगायचं? एक रविवार जिंकायचं, आणि उठता उठता जाहीर करून टाकायचं. बाकीच्या दोघांची समजूत कशी काढावी, ह्याचाच घोर आहे.

मंगळवार, ६ फेब्रुवारी.

कॅटमध्ये काळी राणी नाहीच. परवा तिच्याजागी जोकर घेऊन खेळलो. सूनबाई म्हणाली, आई, नवा कॅट आणते. म्हटलं, एका बाईपायी एक्कावन्न जणांना घराबाहेर काढायचं?

साबणाचं खोकं कापून राणी केली. अंबाडा घातला. पेनाने इस्पिक काळंभोर केलं. मागच्या बाजूला साधारण तसाच निळा रंग. किंचित जाड झालीये आणि वास येतो, पण हातात घेतल्यावर मुळीच ओळखू येत नाही.

सूनबाईला ओळखू आली. तिची नजरच तशी.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी.

जपाला बसले की पानं दिसतात. देवाची क्षमा मागून एक माळ जास्त केली. त्या माळेत पास करण्याचं तत्त्व सुचलं. म्हणजे त्याचीच इच्छा.

तत्त्व असं. सगळे आपली नको ती पानं दुसऱ्याच्या गळ्यात मारतात: एक्के, राजे, मोठी बदामं. ढोबळ खेळ. मी माझ्या दुऱ्या-तिऱ्या देणार. लहान पान म्हणजे ह्या खेळातलं सोनं. घेणारा आधी बेसावध होतो, मग मिंधा होतो, आणि ऐन वेळी आपल्यावर राणी टाकताना त्याचा हात थरथरतो.

मॅट्रिकला गणितात उगीच नव्हते चांगले मार्क.

रविवार, ११ फेब्रुवारी.

तत्त्व वापरलं. निकाल अजून दिसायचाय.

मुलीला तीन दुऱ्या दिल्या. पानं उचलून ती म्हणाली, आई, अगं चुकून दिलीस का? मी नुसती हसले. धाकटा म्हणाला, आईच्या शेजारी बसणं म्हणजे फुकटचं रेशन. पान टाकताना त्याचा हात थरथरला नाही, पण तो डावखुरा आहे, त्यामुळे सांगता येत नाही.

दुसऱ्या डावात राणी मला वाटून आली. धाकट्याला पास करता आली असती. पण बाईमाणूस, तिला अशी दाराबाहेर कशी काढायची? आणि पोटच्या पोराच्या अंगावर तेरा घालायचे? ठेवून घेतली. शेवटी माझ्याच अंगावर आली. जवळ ठेवलं की निदान कुठे आहे ते तरी कळतं.

निवड अजून जाहीर केली नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी.

खेळताना विषय निघाला. धाकटा म्हणाला, ताईकडे खोल्या जास्त, लिफ्टही आहे. किती मन मारून म्हणाला! चेहरासुद्धा वर केला नाही. मुलगी म्हणाली, माझ्याकडे सासूबाई आहेत, दोघी एका स्वयंपाकघरात कशा राहतील, आईलाच त्रास. माझा विचार आधी. मग ती थोरल्याला म्हणाली, दादा, तू नेतोस का तिकडे? थोरला म्हणाला, तिकडे एकच खोली आहे गं, आणि पान टाकलं. राणी. माझ्या हातावर.

बोलण्याच्या नादात टाकली. नाहीतर टाकली नसती.

विहिणीचं आणि माझं जमेल. फक्त विहीणबाई चहाची पावडर एकदाच उकळून फेकतात. ते सांगता येईल हळूहळू.

गुरुवार, २२ फेब्रुवारी.

सूनबाई फोनवर मुलीशी बोलत होती. दार लोटलेलं, पण आवाज चढलेला. सहा वर्षं आम्ही केलं ताई, कधी चार दिवस तरी नेलंत का? आम्हालाही काही जीव आहे की नाही? मग रडली.

मी जाणार म्हणून इतकं लावून घेतलंय तिने. वाटलं नव्हतं. एरवी मी दिवे बंद करत फिरले की चिडते.

दुपारी तिच्या आवडीचा शिरा केला. तूप सढळ घातलं. तिने खाल्ला, आणि परत रडली.

रविवार, ३ मार्च.

मोठा शोध लागला. थोरल्याने सांगितलं, ह्या खेळात एक खोच आहे. सगळी बदामं आणि राणी, एकूण एक वाईट पान जर एकाच माणसाच्या अंगावर आलं, तर त्याला शून्य आणि बाकीच्या प्रत्येकाला सव्वीस. ह्याला मून मारणं म्हणतात. पण एक जरी बदाम निसटलं तर मेलोच.

मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस? इतके दिवस मी अर्धवट घेत होते. धाकटा म्हणाला, आई, तू आहेस तशीच खेळ, आमचं बरं चाललंय. सगळे हसले. मीही हसले. असं हसणं घरात बरेच दिवसांनी झालं.

संकल्प: मून.

रविवार, १० मार्च.

मून नाही. पाहुणे आल्यासारखं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

दोन डाव झाल्यावर तिघं गॅलरीत गेले. दार लावून घेतलं. काचेतून हात दिसत होते. थोरल्याचे हात कमरेवर, मुलीचे डोळ्यांवर, धाकट्याचे खिशात. लहानपणी भांडायचे तेव्हाही असेच उभे राहायचे. मध्ये पडले नाही. आईने मध्ये पडलं की एकाची बाजू होते. जुनं घर विकलं तेव्हासुद्धा तिघांना सारखं वाटून दिलं, माझ्यासाठी वेगळं काढलं नाही. काढलं असतं तर त्यांना वाटलं असतं, आईचा आमच्यावर भरवसा नाही.

पानं उपडी पडली होती. तोवर मी कोणाचीही पानं बघितली नाहीत. साबणाची राणी धाकट्याकडे होती, ती जाड कडेमुळे तशीच दिसली.

म्हणजे ओळखू येते.

रविवार, १७ मार्च.

पहिल्या डावात धाकट्याने मला राणी पास केली. दुसऱ्यात मुलीने. तिसऱ्यात ती मलाच वाटून आली. समोर थोरला होता, त्याला तीन लहान पानं दिली.

मुलगी पुढ्यात पानं सरकवताना म्हणाली, सॉरी हं आई. म्हटलं, सॉरी कसलं, खेळच आहे. तर तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. धाकटा म्हणाला, ताई, खेळ ना. फार कोरडं बोलला. त्याला सर्दी असावी.

मी निवडीबद्दल बोलणार होते. पण हरलेली होते. शिवाय कोणाला निवडावं, ते ह्या आठवड्यात नीटसं ठरत नाहीये.

रविवार, २४ मार्च.

सविस्तर लिहिते.

तिसरा डाव, पास समोर. पानं बघितली आणि चष्मा पुसून परत बघितली. एक्के, राजे, साबणाची राणी, बदामाची सगळी मोठी माणसं. असं घर भरलेलं कधी नव्हतं. थोरल्याला तीन पानं द्यायची होती. एक बदामाची दुरी होती. दिली. सवयीने. चांगलं पान आहे, त्याच्या उपयोगी पडेल.

मग घेत गेले. प्रत्येक हात माझा. एक बदाम, दोन बदाम, राणी. मुलीच्या लक्षात आलं. धाकटा म्हणाला, अरे, आई मून मारतेय! सूनबाई ओट्यावरून हात पुसत आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी मनात वाक्यसुद्धा जुळवलं: हे बघा, तुम्ही तिघंही मला सारखेच, पण.

शेवटचा हात. माझ्याकडे किल्वरची चौकी उरलेली. तीच टाकली. मुलीकडे पंजी होती, तिचाही इलाज नव्हता. थोरल्याची पाळी असताना धाकट्याने आधीच चौकटचं काहीतरी टाकून दिलं. थोरल्याच्या हातात एकच पान होतं. त्याने ते धरून ठेवलं. टाकावं तर लागणारच. बदामाची दुरी. मी दिलेली.

एक बदाम मुलीला. पंचवीस मला.

कोणी हसलं नाही. थोरल्याने पानं गोळा केली, कॅटच्या कडा टेबलावर ठोकून ठोकून सारख्या केल्या, आणि कॅटकडेच बघत म्हणाला, आई, एक जागा बघितलीये. एक निवृत्त नर्सबाई आहेत, घरातल्या खोल्या आजीबायकांना देतात. स्वच्छ आहे, जेवण वेळेवर. ह्या दोघांनाही सारखंच जवळ पडेल. सध्यापुरतं. मुलगी म्हणाली, आम्ही दर रविवारी येऊ. धाकटा म्हणाला, पत्ते घेऊन.

मी म्हटलं, मीही आज हेच सांगणार होते. मला कधीचं वाटत होतं की वेगळं राहावं.

तिघांचेही खांदे एकदम खाली आले. बघून बरं वाटलं. चौथा डाव खेळू म्हटलं, पण उशीर झाला म्हणाले.

रविवार, ३१ मार्च.

आले. नर्सबाईंकडची खोली चांगली. खिडकीसमोर भिंत आहे, त्यामुळे ऊन येत नाही, पडदा लागत नाही. तेवढंच कापड वाचलं. देव कोनाड्यात मावले.

थोरला निघताना वाकून पाया पडला आणि लवकर उठलाच नाही. म्हटलं, ऊठ, गाडी चुकेल. सूनबाईने नवा कॅट दिला, प्लास्टिकचा, चकचकीत. म्हटलं, उगाच खर्च. ती म्हणाली, आई, राहू द्या ना, एवढं तरी.

रविवार, ७ एप्रिल. दुपारी.

धाकट्याला खरंच सर्दी होती, आता ताप आहे. मुलीकडे पाहुणे. थोरल्याचा फोन आला, तिकडे आवाज नीट येत नाही. पुढच्या रविवारी नक्की.

नर्सबाईंना विचारलं, त्यांना पत्ते आवडत नाहीत. शेजारच्या खोलीतल्या आजींना दिसत नाही.

कॉटवर डाव मांडला. जुनाच कॅट काढला, नवा झिजवायचा कशाला. चौघांची पानं वाटली. उशीकडे थोरला, डावीकडे मुलगी, उजवीकडे धाकटा. प्रत्येकाच्या जागी बसून, त्याच्या मनाने खेळायचं. उगाच माझी बाजू घ्यायची नाही, असा नियम केला.

पहिल्या डावात धाकट्याकडून मला तीन पानं आली: दोन दुऱ्या, एक तिरी. दुसऱ्यात मुलीने दिली, तीही लहानच. मी त्यांना काय दिलं ते सांगायला नको. खेळ संथ झाला, कोणाला घाई नव्हती. मला एकही बदाम लागलं नाही. शून्य. पहिल्यांदाच जिंकतेय.

तिसऱ्या डावात राणी थोरल्याला वाटून आली. पास समोर, म्हणजे मला देता आली असती. त्याच्या जागी जाऊन बसले. बराच विचार केला, त्याच्याच मनाने.

त्याने ठेवून घेतली.